मातीतलं जित्राब: बांधावरचं ढेकूळ टिकतं, मग शेतातलं का विरघळतं?

बांधावरून (परभणी)
९ जून, रात्री ९.१२

नमस्कार मंडळी. आमची आठ एकर काळी जमीन आहे. खरिपात सोयाबीन-तूर, रब्बीत हरभरा. मागच्या महिन्यात माती तपासून आणली. कागदावर बारा रकाने: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मंगल, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. कर्ब ०.३८ टक्के, शेजारी 'कमी' असा शेरा. कागद वाचून झाल्यावर एक गोष्ट मनातून जाईना. बाराच्या बारा रकान्यांत जिवंत असं काहीच मोजलेलं नाही. कर्ब तेवढा त्याच्या जवळपास जातो.

परवा वळीव पडून गेला. दोन दिवसांनी मी दोन ढेकळं उचलली. एक बांधावरचं, गवताच्या बुडातलं. दुसरं तिथून वीस पावलांवर, शेताच्या आतलं. सावलीत वाळवली आणि पाण्यानं भरलेल्या दोन काचेच्या बरण्यांत जाळीवर अलगद ठेवली. शेतातल्या ढेकळातून बुडबुडे सुटले, कडा ढासळल्या आणि दोन-तीन मिनिटांत सगळं तळाशी. पाणी चहासारखं गढूळ. बांधावरचं ढेकूळ अर्ध्या तासानंतरही तसंच बसलेलं, पाण्यातून पलीकडची भिंत दिसत होती.

खडक एकच, पाऊस एकच. फरक म्हणाल तर बांधाला आमच्या हयातीत नांगर लागलेला नाही आणि तिथलं गवत तिथंच कुजतं.

मग बांधावरचं दुसरं ढेकूळ हातानं फोडलं. बारीक मुळ्यांना मातीचे कण मण्यांसारखे चिकटलेले, मध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे, बोटाच्या टोकाएवढं गांडुळाचं भोक आणि आतून गुळगुळीत सारवल्यासारखं. एक गोम पळाली. शेतातलं फोडलं तर विटेच्या तुकड्यासारखं, धारदार कडांचं, आत काही नाही.

वडील नेहमी बेवड, म्हणजे आधीच्या पिकानं रान कसं सोडलंय ते, बघून पीक ठरवायचे. हरभऱ्याचा बेवड ज्वारीला मानवतो, तुरीवर तूर घ्यायची नाही, मर लागते. आता वाटतं, त्या एका शब्दात हे सगळं मातीतलं जित्राब आलंच होतं.

दोन प्रश्न आहेत. हे जीव नेमकं काय करतात, ते कुणी नीट सांगेल का? आणि दुकानात जिवाणूंच्या बाटल्या मिळतात. त्या ओतल्यानं शेतातलं ढेकूळ बांधासारखं होईल का?

---

मृदगंध (राहुरी)
९ जून, रात्री ११.०५

मी बरीच वर्षं मृद्‌शास्त्र शिकवलं, आता निवृत्त आहे. तुमची बरणी मी वर्गात वापरायचो, म्हणून राहवलं नाही. उत्तर लांबणार आहे.

आधी ढेकूळ. काळ्या मातीचे कण फार बारीक. ते नुसतेच दाबून बसलेले असतील तर पाणी आत शिरताना कोंडलेली हवा त्यांना फोडून बाहेर पडते. तेच तुमचे बुडबुडे. बांधावरच्या मातीत हे कण बांधलेले असतात. बुरशीचे धागे दोरीसारखे गुंडाळतात, जिवाणू आपल्याभोवती डिंकासारखा चिकट पदार्थ सोडतात आणि गांडूळ माती खाऊन, चिकट स्रावात मळून, गोळ्या करून टाकतं. या गोळ्यांच्या मधे मोठ्या फटी राहतात, गोळ्यांच्या आत बारीक. मोठ्या फटींतून जादा पाणी निथळून हवा येते, बारीक फटींत ओल टिकते. आपण ज्याला वाफसा म्हणतो तो याच घडणीवर उभा आहे. घडण मोडली की पाऊस थांबल्यावर चार दिवस चिखल आणि पाचव्या दिवशी दगड. मधे वाफसा येतच नाही.

आता पोषण. चिमूटभर चांगल्या मातीत कोट्यवधी जिवाणू असतात हे सगळे सांगतात, पण नुसते जिवाणू असून पिकाला नत्र मिळत नाही. ते नत्र त्यांच्या शरीरात अडकलेलं असतं. त्यांना खाणारे लागतात. आदिजीव म्हणजे प्रोटोझोआ, आणि सूत्रकृमी. होय, सगळे सूत्रकृमी मुळांवर गाठी करणारे नसतात, कितीतरी जाती फक्त जिवाणू किंवा बुरशी खाऊन जगतात. जिवाणूच्या शरीरात कर्बाच्या मानानं नत्र जास्त असतं. खाणाऱ्याला तेवढं लागत नाही, म्हणून उरलेलं तो अमोनियाच्या रूपात बाहेर टाकतो. हे घडतं मुळाच्या अगदी अंगाशी, कारण जिवाणूंची गर्दी तिथंच असते. गर्दी का? झाड पानात बनवलेल्या साखरेचा मोठा वाटा मुळांवाटे मातीत सोडतं. तो वाया जात नाही, ते झाडानं घातलेलं जेवण आहे.

स्फुरदाची गोष्ट वेगळी. आपल्या चुनखडीच्या काळ्या रानात तो कॅल्शियमला धरून बसतो, जागचा हलत नाही. मुळाला त्याच्यापर्यंत जावं लागतं. तिथं मायकोरायझा ही बुरशी कामाला येते. तिचे धागे मुळावरच्या केसांपेक्षाही बारीक. ते मूळ पोचत नाही तिथून स्फुरद आणि जस्त आणून देतात, बदल्यात साखर घेतात. बहुतेक पिकांचं तिच्याशी जमतं. मोहरी, कोबी, फ्लॉवर या कुळाचं मात्र जमत नाही, म्हणून कोबीनंतर रानात ती कमी झालेली असते. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या काळ्या जमिनीत असंच दिसलं होतं. रान फार दिवस रिकामं ठेवलं की पुढच्या पिकाला स्फुरद-जस्ताची टंचाई भासायची, कारण मधल्या काळात बुरशीला यजमान मूळच नव्हतं. तुमच्या वडिलांच्या 'बेवड' शब्दात हेसुद्धा बसतं.

बाटल्यांचं उद्या लिहितो.

---

गच्चीबाग (पुणे)
१० जून, सकाळी ७.४८

सर, फार छान समजावलंत. माझं रान म्हणजे गच्चीवरच्या चाळीस कुंड्या. सुक्या पानांचं खत आणि थोडं कोकोपीट, एवढ्यावर बाग आहे. पाणी घातलं की मातीवर पांढरे, तिळाहून लहान किडे टुणकन उडतात. सोसायटीतल्या एका काकूंनी औषध मारायला सांगितलं, मी अजून मारलेलं नाही. मारू का?

---

मृदगंध (राहुरी)
१० जून, सकाळी ९.३०

ताई, मारू नका. ते स्प्रिंगटेल. पोटाखाली दुमडलेला काटा असतो, तो झटकून उडतात. कुजणारी पानं आणि बुरशी हे त्यांचं खाणं, जिवंत मुळांना सहसा हात लावत नाहीत. फारच वाढले तर पाणी जास्त होतंय एवढाच अर्थ.

एक सांगतो, तुम्हाला आवडेल. पहिल्या पावसाचा वास ज्या द्रव्यामुळे येतो त्याचं नाव जिओस्मिन. ते मातीतले स्ट्रेप्टोमायसिस नावाचे जिवाणू बनवतात. कशासाठी, हे बरीच वर्षं कोडं होतं. २०२० साली एका संशोधनात दिसलं की त्या वासानं स्प्रिंगटेल ओढले जातात, जिवाणू खातात आणि त्यांचे बीजाणू अंगावर घेऊन दुसरीकडे पसरवतात. म्हणजे मृद्‌गंध हे तुमच्या कुंडीतल्या त्या पांढऱ्या किड्यांना धाडलेलं बोलावणं आहे. क्षयावरचं स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्ये सापडलं तेही याच कुळातल्या जिवाणूपासून.

---

ऊसकरी (वाळवा)
१० जून, दुपारी २.१५

मंडळी, चर्चा चांगली चालली आहे, पण एक बाजू राहते. मातीतलं सगळंच जित्राब आपलं नसतं. गेल्या साली हुमणीनं माझा पाऊण एकर आडसाली ऊस बसवला. ओढला की बेट हातात येत होतं, खाली मुळीच नाही. आत 'सी' आकाराच्या पांढऱ्या अळ्या. त्यावेळी मला कुणी 'माती जिवंत ठेवा' म्हणालं असतं तर राग आला असता.

त्यानंतर दोन गोष्टी केल्या. वळवाचा पहिला मोठा पाऊस झाला की संध्याकाळी हुमणीचे भुंगेरे जमिनीतून निघून कडुनिंब-बाभळीवर बसतात. आम्ही पाच-सहा जणांनी मिळून फांद्या हलवून ते पडतील तसे गोळा केले, रॉकेलच्या पाण्यात टाकले. एकट्यानं करून उपयोग नाही, शिवारानं करावं लागतं. दुसरं, मेटारायझियम बुरशी शेणखतात मुरवून सरीत टाकली. ती लागलेली अळी कडक होते, मग अंगावर हिरवी भुकटी येते. अशा अळ्या मला सप्टेंबरात सापडल्या. म्हणजे जित्राबावर जित्राबच सोडलं. पूर्वी फोरेट हे कीटकनाशक टाकायचो. आता त्यावर बंदी आहे आणि ते बरंच झालं, कारण ते गांडुळालाही सोडत नव्हतं.

अजून एक. उकिरड्यात जाड अळ्या दिसल्या की लोक हुमणी म्हणून खतच टाकून देतात. खताच्या ढिगातली बरीचशी अळी गेंड्या भुंग्याची असते, ती कुजलेलं खाते. त्याचा मोठा भुंगा मात्र नारळाचा शेंडा पोखरतो, तेव्हा नारळ असेल तर वेचा. पण खत टाकून देऊ नका.

---

कृष्णाकाठ (कराड)
१० जून, रात्री ८.२०

इतकं सगळं कशाला, रासायनिक खत बंद करा, माती आपोआप जिवंत होते. युरियानं माती मेली आहे.

---

मृदगंध (राहुरी)
११ जून, सकाळी १०.१०

कृष्णाकाठ, तुमची कळकळ पटते, वाक्य नाही पटत. देशभर १९७० पासून दीर्घ मुदतीचे खत प्रयोग चालू झाले, आपल्याकडे अकोल्याला ज्वारी-गव्हावर असा प्रयोग आहे. वर्षानुवर्षं त्याच वाफ्यात तेच खत. त्यातून जे दिसतं ते असं: नुसतं नत्र टाकलेले वाफे खालावतात. नत्र-स्फुरद-पालाश समतोल दिलेल्या वाफ्यात पीक वाढतं, मुळं वाढतात, त्यामुळे मातीतले जीवही काही न दिलेल्या वाफ्यापेक्षा जास्त असतात. आणि शिफारशीच्या खताबरोबर शेणखत दिलेले वाफे सगळ्यांत वर. माती युरियानं कमी आणि उपासमारीनं जास्त खंगते. युरिया आला तेव्हा गोठे रिकामे झाले, काड जळायला लागलं, हे दोन्ही एकाच काळात घडलं. म्हणून दोष एकावर गेला.

आता बाटल्या. काही जिवाणू खरोखर उपयोगी आहेत. सोयाबीन किंवा हरभऱ्याचं बी पेरताना रायझोबियम, म्हणजे मुळावर गाठी करून हवेतलं नत्र देणारे जिवाणू, लावा, दहा किलो बियाण्याला २५० ग्रॅम. बुरशीनाशक आधी, ते सुकल्यावर जिवाणू शेवटी, सावलीत वाळवून लगेच पेरणी. पाकिटावर पिकाचं नाव वाचा. सोयाबीनचा रायझोबियम हरभऱ्याच्या मुळात गाठी करत नाही. त्यांची जात वेगळी. हरभऱ्याच्या मर रोगासाठी ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी. पण हे ठरावीक कामाचे गडी आहेत. बाटलीभर जिवाणू ०.३८ कर्बाच्या रानात ओतून रान बदलत नाही. मे महिन्यात तुमच्या उघड्या रानाचा वरचा थर पन्नास अंशांच्या पुढं तापतो, खायला काही नाही, सावली नाही. ते टिकतील कशावर?

---

गोठेवाली (फलटण)
११ जून, दुपारी १.३५

सरांचं शेवटचं वाक्य मी माझ्या भाषेत सांगते. आमच्या गोठ्यात चार म्हशी. बाजारातून पाचवी आणली आणि दावणीला वैरणच नसली तर धार कुठून निघणार? बांधावरूनदादांनी 'जित्राब' शब्द वापरला तो अगदी बरोबर आहे. जित्राबाला वैरण लागते. मातीची वैरण म्हणजे काडीकचरा, पाला, शेण, मुळ्या. आपण धान्यही नेतो, भूसही विकतो, उरलेलं पेटवतो, आणि मग औषधाच्या दुकानात जाऊन जित्राब विकत आणतो.

आम्ही कडेनं गिरिपुष्प लावलंय. पावसाळ्यात छाटून पाला तिथंच आडवा टाकतो. पंधरा दिवसांनी उचलून बघितलं तर खाली गांडुळांची विष्ठा, शेवयांच्या चुऱ्यासारखी. ती माती वाटत नाही, चहाच्या चोथ्यासारखी हाताला लागते.

---

ऊसकरी (वाळवा)
११ जून, रात्री ९.००

ताई, लाख बोललात. पाचटाचंही, म्हणजे उसाच्या वाळल्या पाल्याचंही, तेच. आमच्याकडे तुटल्या फडाला काडी लावायची रीत होती, मी चार वर्षांपूर्वी सोडली. पहिल्या वर्षी खोडवा, म्हणजे तोडलेल्या बुडख्यातून फुटलेला ऊस, पिवळा पडला आणि घरात सगळे मला बोलले. चूक कळली ती नंतर. पाचटात कर्ब भरपूर, नत्र अगदी थोडं. ते कुजवायला बसलेले जिवाणू नत्र मातीतून उचलतात, तेवढे दिवस ऊस उपाशी. त्यावर शिफारस आहे: हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजवणारे जिवाणू, पाचटावर पसरून पाणी द्यायचं. दुसऱ्या वर्षी तसं केलं, पिवळेपणा आला नाही. आता त्या फडात पाणी दोन-तीन दिवस उशिरा दिलं तरी चालतं.

---

थंडीतला मराठी (मिनेसोटा)
१२ जून, सकाळी ६.२०

गांडुळाबद्दल इकडची उलटी गोष्ट. इथल्या उत्तरेकडच्या जंगलांवर हिमयुगात बर्फाचा थर होता, त्यामुळे बर्फ वितळल्यापासून आजवर इथं स्थानिक गांडूळं नव्हतीच. पानांचा जाड, उशीसारखा थर जमिनीवर साचायचा आणि त्यातच इथली रानफुलं, मेपलची रोपं वाढायची. युरोपातून आलेल्या लोकांबरोबर, झाडांच्या मातीतून आणि मासेमारीच्या आमिषातून गांडूळं आली. ती तो पानांचा थर खाऊन टाकतात, खाली उघडी माती उरते. इथं गांडूळ जंगलात सोडू नका अशा पाट्या आहेत. घरामागच्या जंगलात मी स्वतः बघितलं, एका बाजूला पाय रुततो, दुसऱ्या बाजूला मातीच टणक.

म्हणून गांडूळ चांगलं की वाईट, हे ते कुठल्या मातीतलं यावर आहे. तुमच्याकडची स्थानिक आहेत ना, ती जपा.

---

मृदगंध (राहुरी)
१२ जून, सकाळी १०.४५

मोलाचा मुद्दा. यातून एक गैरसमजही काढतो. गांडूळखताच्या बेडमधलं लाल गांडूळ, आयसेनिया फेटिडा, हे कचऱ्यात राहणारं आहे. ते रानात सोडलं तर जमिनीत बिळं करत नाही, आणि आपला उन्हाळा तर त्याला सोसतच नाही. रानात काम करतं ते आपलं देशी, लॅम्पिटो मॉरिटी सारखं. उन्हाळ्यात ते खोल जाऊन गुंडाळी करून पडून राहतं आणि ओल आली की वर येतं. त्याला विकत आणावं लागत नाही. बांधावर आहे, वैरण दिसली की शेतात येतं. डार्विननं इंग्लंडमध्ये हिशेब केला होता की कित्येक ठिकाणी एका एकरात वर्षाला दहा टनांहून जास्त माती गांडुळांच्या पोटातून जाते. एवढी मशागत कुठला नांगर फुकट करील?

इथं इंदूरची आठवण काढायला हवी. १९२४ ते १९३१ या काळात होळकरांच्या त्या शहरात इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी काडीकचरा, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर लावून कंपोस्टची पद्धत बसवली. जगभर ती आजही इंदूर पद्धत म्हणूनच ओळखतात. आजूबाजूचे शेतकरी आपले गुरू होते असं ते मोकळेपणानं सांगत.

---

वेलीखाली (निफाड)
१२ जून, दुपारी ४.१०

द्राक्षवाल्यांसाठी एक लिहितो. बोर्डो आणि तांब्याची बाकी औषधं आम्ही वर्षानुवर्षं मारतो. तांबं हवेत उडून जात नाही, कुजत नाही, वरच्या थरात साठतं आणि गांडुळांना बाधतं. माझ्या जुन्या बागेत वेलीखाली खणलं तर एकही दिसलं नाही, शेजारच्या पेरूत दिसली. डावणी हा बुरशीसारखा रोग आला की मारावं लागतं, त्याला पर्याय नाही. पण अंदाज बघून, गरजेपुरतं मारायला शिकलो आहे.

---

भातखाचर (कर्जत)
१३ जून, रात्री ८.५०

आमच्याकडे नेरळच्या सगुणा बागेतून आलेली एसआरटी (सगुणा राइस टेक्निक) ही भाताची पद्धत काही शेतकरी करतात. गादीवाफे एकदा करायचे, चिखलणी नाही, लावणी नाही, टोकणी करायची आणि कापणीनंतर भाताची मुळं जमिनीतच ठेवायची. मी तिसऱ्या वर्षात आहे. मुळं कुजून गेली तिथं उभी भोकं राहतात, त्यातून पाणी आणि गांडूळ दोन्ही जातात. आता वाफ्यात पहार सहज शिरते. तण मात्र जास्त येतं आणि त्यासाठी तणनाशक वापरावं लागतं, हे मला मनापासून आवडत नाही. कुणी तणनाशकाशिवाय जमवलं असेल तर जरूर लिहा.

---

बांधावरून (परभणी)
२४ ऑगस्ट, रात्री ९.४०

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन महिने गप्प होतो, कारण करून बघून लिहायचं ठरवलं होतं.

जूनच्या मध्याला जुन्या सुती धोतराचे तीन सारखे तुकडे केले. एक बांधावर, एक शेतात, एक शेतातल्याच अशा पट्ट्यात पुरला जिथं गव्हाचं भूस आणि कुजलेलं शेणखत पसरलं होतं. सगळे चार बोटं खोल, शेजारी खुंटी. परवा काढले. बांधावरचं कापड हातात आलंच नाही, काठाचे चार धागे मुळ्यांत गुंतलेले मिळाले. शेतातला तुकडा मळका, पण पिळता येईल इतका शाबूत. पट्ट्यातल्या तुकड्याला रुपयाएवढी सात-आठ भोकं आणि त्यातून सोयाबीनच्या मुळ्या आरपार गेलेल्या. आईला दाखवला तर ती बराच वेळ तो हातात धरून बसली. धोतर आजोबांचं होतं.

पंचेचाळिसाव्या दिवशी दोन्हीकडची पाच-पाच झाडं खुरप्यानं मातीसकट काढून पाण्यात धुतली. गाठी दोन्हीकडे होत्या, बी दोन्हीकडे रायझोबियम लावूनच पेरलं होतं. पट्ट्यात जास्त आणि मोठ्या. नखानं फोडल्यावर आत गुलाबी, जवळजवळ रक्ताच्या रंगाच्या. सर, तुम्ही फोनवर सांगितलंत की तो रंग आपल्या रक्तातल्यासारख्याच लोहाच्या द्रव्याचा आणि तो असेल तरच गाठ काम करते. शेतातल्या काही गाठी आतून पांढरट-हिरव्या निघाल्या.

ढेकळाची बरणीही परत लावली. पट्ट्यातलं ढेकूळ अजून विरघळतंच, फक्त थोडं सावकाश.

आता अडचण. आमच्याकडे सोयाबीनचं भूस मळणीनंतर ट्रॉलीनं विकलं जातं, गावात सगळेच विकतात. यंदा दोन एकराचं रानातच पसरायचं म्हणतोय. त्यावर हरभरा पेरताना तिफण किंवा पेरणी यंत्र अडकतं का? कुणी केलं आहे?

---

गोठेवाली (फलटण)
२५ ऑगस्ट, सकाळी ६.५५

दादा, ढिगानं पडलं तर फणाला गोळा होऊन अडकतं. मळणी यंत्र रानात एकाच जागी न लावता दोन-तीन जागी लावा, आणि भूस वाळलेलं असतानाच हातानं पातळ विसकटा. आम्ही पेरणीआधी नाही, पेरून झाल्यावर ओळींच्या मधे टाकतो. ओल जास्त दिवस राहते. आणि गाठींचे फोटो टाका ना इथं.